घरगुती क्रायो व्हॅक्युम चेंबर: प्रकल्प नोंदी, डिसेंबर २०२४ ते जून २०२५

१४ डिसेंबर २०२४

आजपासून लिहून ठेवायला घेतलंय, सामान यायला लागलंय आणि आकडे डोक्यात राहत नाहीत. काय बनवायचंय ते आधी. एक स्टीलचा डबा, ज्यातली हवा जवळजवळ सगळी काढता येईल, आणि आत एक तांब्याची प्लेट जी लिक्विड नायट्रोजनने उणे १९६ पर्यंत म्हणजे ७७ केल्विनपर्यंत थंड करता येईल. त्या प्लेटवर बाजारात मिळणारे साधे पार्ट बसवायचे, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, रेग्युलेटर, सेल, आणि बघायचं कोण कुठपर्यंत टिकतं.

हे डोक्यात बसलं ते चांद्रयान-३ च्या विक्रम आणि प्रज्ञानमुळे. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरले, सप्टेंबरच्या सुरुवातीला झोपवले, आणि २२ तारखेच्या सुमारास तिथे परत ऊन आलं तेव्हा उठले नाहीत. त्यांचं कामच एका चांद्रदिवसाचं, म्हणजे आपल्या १४ दिवसांचं होतं आणि ते त्यांनी चोख केलं. पण मग जानेवारी २०२४ मध्ये जपानचं स्लिम यान उतरलं, तेही तिरकं उलटं पडून, रात्रीसाठी बनवलेलंच नव्हतं, आणि तरी तीन रात्री काढून दर वेळी परत बोलायला लागलं. हे मला प्रचंड भारी वाटलं. म्हणजे डेटाशीटवर उणे ४० किंवा उणे ५५ लिहिलेला पार्ट त्याच्या खाली गेला की मरतोच असं नाही, कंपनीने फक्त त्यापुढे तपासलेलं नसतं. मग ते तपासायचं कोणी, तर ज्याला हवंय त्याने.

आणि यात दोन वेगळ्या परीक्षा आहेत हे पहिल्यापासून धरून चाललोय. बंद अवस्थेत थंडी सोसून नंतर नीट चालू होणं ही एक, आणि थंडीतच चालत राहणं ही दुसरी. चंद्रावरच्या रात्रीसाठी पहिली पास झाली तरी खूप झालं. लुनोखोद १ या सोव्हिएत चांद्रगाडीने १९७० मध्ये किरणोत्सारी पोलोनियमची ऊब घेऊन रात्री काढल्या होत्या, पण ती सोय सगळ्यांना परवडणारी नाही.

२९ डिसेंबर २०२४

दाजींचा भोसरीत फॅब्रिकेशनचा गाळा आहे त्यामुळे डब्याचं काम तिथेच. भंगारातून १२ इंची स्टेनलेस पाइपचा तुकडा किलोच्या भावाने मिळाला, शेड्यूल १० (पाइपच्या जाडीचा वर्ग), बाहेरून ३२४ मिमी, जाडी साडेचारच्या जरा वर. ४० सेंमी कापला, आतून साधारण ३१ लिटर होतात. दाजी म्हणाले एवढा जाड कशाला, दोन मिमीचा पत्रा रोल करून देतो की. मग त्यांना हिशेब दाखवला, हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो, तोंडाचं क्षेत्रफळ पावणेआठशे चौरस सेंमी, म्हणजे झाकणावर पाऊण टनाच्या वर वजन बसणार आणि बाजूने पाइप सगळीकडून दाबला जाणार, पातळ पत्रा गोल राहिला नाही की एकदम आत बसतो. त्यानंतर तेच म्हणाले तळाला १६ मिमीची प्लेट टाकू.

वेल्डिंग टिगने (आर्गॉन वायूच्या आडोशात केलेलं), आतून सलग, बाहेरून नुसते टाके. यावर गाळ्यात बरीच चर्चा झाली कारण दोन्हीकडून सलग मारलं तर मजबूत होतं हे सगळ्यांनाच माहीत. पण व्हॅक्युमला ते चालत नाही. दोन शिवणींच्या मध्ये थोडी हवा कोंडली जाते, आतल्या शिवणीला केसाएवढं छिद्र असलं तरी ती हवा दिवसेंदिवस झिरपत राहते, आणि बाहेरून कितीही लीक शोधा काही सापडत नाही कारण बाहेरून लीक नसतंच. वेल्डिंगच्या चाचांनी आयुष्यभर दुधाच्या टाक्या केल्यात, त्यामुळे आतून गुळगुळीत, खाचखळगा नसलेली शिवण कशी हवी हे त्यांना सांगावं लागलं नाही. पाइप आडवा ठेवला, हात खांद्यापर्यंत आत, दुसऱ्या हातात फिलरची तार आणि एका बाजूने आर्गॉनची नळी सोडलेली, थोडं थोडं फिरवत अख्खी तळाची शिवण मारली. निळसर सोनेरी रंगाची आली, काळी कुठेही नाही. फ्लँज (तोंडाची जाड कडी, हिच्यावर झाकण बसतं) लेथवर फेस मारून ओ-रिंगची (सील करणाऱ्या रबरी कडीची) खाच काढून घेतली.

धुलाई: आधी भांड्याचं लिक्विड आणि गरम पाणी, मग ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल. यापुढे आत हात घालताना ग्लोव्हज. बोटाचा तेलकट ठसा वरच्या दर्जाच्या व्हॅक्युमला तासन् तास वाफ सोडत बसतो.

१२ जानेवारी २०२५

पंप. खालच्या टप्प्याला दोन स्टेजचा रोटरी पंप आहे. तो दहाचा उणे दोन घात मिलिबार, चांगला असेल तर उणे तीन, एवढं करतो (पुढे नुसतं 'मायनस तीन', 'मायनस पाच' असं लिहीन, तसंच बोललं जातं). उष्णता अडवायला मला निदान मायनस चार हवं. कारण असं की मायनस चारला हवेचा रेणू दुसऱ्याला न धडकता सरासरी ६०-६५ सेंमी जातो आणि माझा डबा ३१ सेंमी रुंद आहे, म्हणजे रेणू भिंतीवरून प्लेटवर सरळ जातात पण इतके कमी असतात की त्यांनी नेलेली उष्णता मोजण्यात येत नाही.

त्यासाठी डिफ्युजन पंप, ४ इंची, वसईच्या एका मेटलायझिंगच्या गाळ्यातून जुना मिळाला. हे लोक प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा चकचकीत थर चढवतात, त्यांच्याकडे असले पंप असतात आणि मशीन बदललं की विकून टाकतात. या पंपात फिरणारं काही नाही, हे मला फार आवडतं. तळाला सिलिकॉन तेल हीटरवर उकळतं, वाफ मधल्या चिमणीतून वर जाते आणि एकाखाली एक छत्र्यांसारख्या टोप्या असतात त्यांच्या कडेतून खाली जोरात फेकली जाते, वाटेत सापडलेले हवेचे रेणू ती खाली ढकलते, खालून रोटरी ते ओढून घेतो, आणि वाफ पाण्याने थंड केलेल्या भिंतीवर परत तेल होऊन तळाला येते. आत जुन्या तेलाचा डांबरासारखा थर होता, खरवडून, धुऊन ७०४ नंबरचं नवं तेल भरलं. थंड पाण्यासाठी २०० लिटरचा ड्रम आणि कूलरचा पंप.

नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलाय: तेल गरम असताना हवा आत सोडायची नाही, सोडली की तेल जळतं.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदन करून थेट गाळ्यावर. पहिल्यांदा हवा काढली, २५ मिमीचं ॲक्रिलिकचं झाकण लावून, कारण सुरुवातीला आतलं दिसायला हवं. झाकणाच्या मधोमध ते किती आत वाकतं हे दाखवणारं डायल लावलं होतं, पंप चालू केल्यावर काटा हळूहळू पाऊण मिमीच्या जवळ गेला आणि थांबला, हिशेबातही ०.७ आलं होतं. तिथेच विश्वास बसला. तरीही फेस शील्ड घालूनच, आणि झाकणावर पॉलिकार्बोनेटची एक शीट आडवी.

नुसत्या रोटरीवर २ गुणिले मायनस दोनला अडकलं. मग व्हॉल्व्ह बंद करून दर मिनिटाला पिरानीचा (दाब मोजणाऱ्या गेजचा) आकडा लिहायचा, ही परीक्षा सगळ्यांनी करावी इतकी उपयोगी आहे. दहा मिनिटांत २ वरून ६ वर गेलं आणि आलेख सरळ रेषेत. सरळ रेषा म्हणजे बाहेरून हवा येतेय. आतल्या पृष्ठभागांतून पाणी, तेल सुटत असेल तर रेषा सुरुवातीला चढते आणि मग वाकून सपाट व्हायला लागते. ३१ लिटर, ४ गुणिले मायनस दोन, ६०० सेकंद, म्हणजे लीक २ गुणिले मायनस तीन मिलिबार-लिटर दर सेकंदाला. खूप झालं.

सिरिंजमध्ये आयसोप्रोपिल घेऊन एकेका जोडावर थेंब. गेजच्या नळीच्या थ्रेडवर थेंब पडला आणि आकडा झटकन उडाला. थ्रेड काढून तिथे ओ-रिंगचा जोड करून आणला, परत परीक्षा: दहा मिनिटांत १ वरून १.३, आणि रेषा वाकलेली. आता डिफ्युजन लावायला हरकत नाही.

९ फेब्रुवारी २०२५

दिवसभर फक्त कागद. थंड भागाची रचना अशी: झाकणाला खालून टांगलेली स्टेनलेसची दीड लिटरची बरणी, दोन पातळ नळ्यांवर, एक भरायची, एक वाफ बाहेर जायची. बरणीच्या तळाला ६ मिमीची तांब्याची प्लेट चांदीच्या टाक्याने जोडलेली. पार्ट तिच्या खालच्या बाजूला.

एक लिटर लिक्विड नायट्रोजन साधारण ८०० ग्रॅम, किलोला १९९ किलोज्यूल घेऊन त्याची वाफ होते, म्हणजे लिटरला १६० किलोज्यूल. तासाला एक लिटर उडाला तर समजायचं आत ४५ वॅट शिरतायत. उलटं धरलं तर दीड लिटरच्या बरणीत फक्त २ वॅट शिरू दिले तर दीड दिवसाच्या जवळपास चालेल, आणि २० वॅट शिरले तर साडेतीन तासांत संपलं. सगळा प्रकल्प या वॅटांच्या हिशेबावर उभाय.

नळ्या: अर्ध्या इंचाची स्टेनलेस, भिंत अर्धा मिमी, लांबी १५ सेंमी. एका नळीतून ०.३५ वॅट येतात. तेवढीच नळी तांब्याची असती तर १२ वॅट. एसीच्या दुकानात तांब्याची नळी सहज मिळते आणि वाकवायला सोपी म्हणून मोह होतो पण एकटी तीच अख्खं बजेट खाईल.

खरा शत्रू मात्र रेडिएशन. खोलीच्या तापमानाची काळी भिंत दर चौरस मीटरला ४५९ वॅट फेकते, ७७ केल्विनची फक्त २. माझ्या थंड भागाचं क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर, म्हणजे काहीच केलं नाही तर कमाल ५५ वॅट. धातू चकचकीत केला तर चार-पाचवर येईल. त्याच्यावर चमकत्या फिल्मचे थर गुंडाळले तर अर्ध्या-एक वॅटवर. म्हणून गुंडाळणं हे मुख्य काम, व्हॅक्युम त्याच्यासाठी आहे असं म्हटलं तरी चालेल.

आणखी एक, झाकणाची ओ-रिंग. तिचं रबर, व्हायटॉन, उणे २० च्या आसपासच कडक व्हायला लागतो आणि मग सील सोडतो. बरणीच्या नळ्या झाकणातून जिथे बाहेर येतात तिथे झाकण गार पडू नये म्हणून नळी एका रुंद बाहीत वरपर्यंत नेऊन तिथे वेल्ड करायची, म्हणजे गार टोक आणि ओ-रिंग यांच्यात पातळ स्टीलची लांब वाट राहते.

२३ फेब्रुवारी २०२५

थर गुंडाळले. गिर्यारोहणवाले ठेवतात ती चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट, आणि दोन थर एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये नेटचं कापड. नेट लक्ष्मी रोडवरून घेतलं, दुकानात ताईंनी विचारलं ओढणीसाठी का, म्हटलं चंद्रासाठी, तर त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि सगळ्यात पातळ, बिनखळीचं काढून दिलं. ते चांगलंच झालं, खळ व्हॅक्युममध्ये नकोच. बारा थर, सैल, एका थराची कड दुसऱ्यावर चढवून. घट्ट ओढलं की थर चिकटतात आणि उष्णता सरळ आरपार जाते. फिल्मला सुईने विरळ भोकं पाडली, नाहीतर थरांतली हवा निघायला जागाच नाही.

वायरी आत न्यायचा जोड घरीच केला, तयार हर्मेटिक (हवाबंद) कनेक्टरची किंमत बघून. स्टीलच्या छोट्या नळीत वायरी उभ्या धरून स्लो अराल्डाइट ओतलं. इथे महत्त्वाचं: बहुतारी वायर चालत नाही, तिच्या तारांमधल्या फटीतून हवा आत येते, म्हणून एकतारी एनॅमलची. ओतण्याआधी अराल्डाइट गरम पाण्यात ठेवून पातळ केलं आणि रोटरीखाली दोन मिनिटं बुडबुडे काढले.

बरणीच्या स्क्रूच्या बंद भोकांत हवा अडकते म्हणून प्रत्येक स्क्रूला मधून एक मिमीचं भोक आरपार. कंटाळवाणं काम, पण करायचंच.

९ मार्च २०२५

नायट्रोजन. पुण्यात गॅसवाल्यांकडे मिळतो पण त्यांना मोठी ऑर्डर हवी असते. मामा दौंडकडे कृत्रिम रेतनाचं काम करतात, गाईंच्या रेतमात्रा द्रवनत्रात, म्हणजे लिक्विड नायट्रोजनमध्येच ठेवतात, त्यामुळे त्यांच्याकडे ही रोजची गोष्ट. महाराष्ट्रात हे सगळीकडे पोचलंय, उरुळी कांचनला बाएफ ही पशुपैदाशीचं काम करणारी संस्था १९६७ पासून आहे, आणि ही पात्रं नाशिकला बनतात. म्हणजे उणे १९६ ही वस्तू गावातल्या गोठ्यापर्यंत कधीच गेलीय, आपल्याला ती उगाच प्रयोगशाळेची वाटते.

मामांनी त्यांच्या पुरवठादाराकडून एक पात्र मिळवून दिलं आणि वापरायचं कसं ते शिकवलं. पातळी बघायची तर आत डोकावायचं नाही, काळी पट्टी तळापर्यंत सोडायची, थोडं थांबायचं, बाहेर काढून हवेत हलवायची, जिथपर्यंत पांढरं दव धरतं तेवढा नायट्रोजन. इतकं अचूक आणि इतकं साधं. मामा म्हणाले, "झाकण घट्ट दाबून बसवायचं नाही बघ कधी, ते सैलच पाहिजे. आणि गाडीत नेताना काचा खाली." त्यांच्या हातावर जुना डाग आहे, तो त्यांनी न सांगता दाखवला.

गाळ्यातली खोली १० बाय १० बाय १० फूट, २८ घनमीटर. एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. पाच लिटर सांडला तर साडेतीन घनमीटर, आणि ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८.४ वर. १९.५ च्या खाली धोका मानतात, आणि त्याला वास नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही, माणूस थेट खाली बसतो. म्हणून शटर उघडं, एक्झॉस्ट जमिनीजवळ कारण गार वायू खाली बसतो, ऑक्सिजन मीटर टेबलावर, आणि एकट्याने कधीच भरायचं नाही. ग्लोव्हज चामड्याचे आणि सैल, झटकन काढता यावेत असे.

चेंबरलाही सेफ्टी. आतली बरणी गळली तर तो सगळा नायट्रोजन व्हॅक्युमच्या जागेत वाफ होणार आणि डब्याचा बॉम्ब होईल. म्हणून झाकणात एक भोक, त्यावर ओ-रिंग आणि नुसती ठेवलेली प्लेट, स्क्रू नाही. व्हॅक्युम असताना हवाच तिला दाबून धरते, आतला दाब वाढला की ती उचलली जाते.

२० मार्च २०२५

गुरुवार, आणि मेंटेनन्सचा मेसेज नसताना दुपारी लाईट गेली. डिफ्युजन गरम होता. मध्ये लावलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह वीज गेल्यागेल्या आपोआप बंद झाला, त्यामुळे रोटरीचं तेल वर ओढलं गेलं नाही आणि हवाही शिरली नाही. चेंबर तासभर मायनस तीनच्या आतच राहिला. छोटा यूपीएस फक्त गेज आणि पाण्याच्या पंपाला, हीटरला नाही.

३० मार्च २०२५

पाडवा. घरी गुढी उभारून दुपारी दाजी आणि मी गाळ्यावर. ॲल्युमिनियमचं झाकण, त्यात ५० मिमीची काचेची खिडकी.

पहिल्यापासून रोटरी, मग डिफ्युजन, चार वाजता ८ गुणिले मायनस सहा. भरायला सुरुवात केली, पहिला ग्लास नुसता फुसफुसत उडाला. साहजिक आहे, तीन किलो तांबं खोलीच्या तापमानावरून खाली आणायला २२० किलोज्यूल काढावे लागतात, म्हणजे भरणाऱ्या द्रवातला लिटरभर तरी त्यातच खर्च. प्लेटवरचा पीटी-१०० (तापमानाबरोबर रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) बघत बसलो, खोलीत ११० ओहम, ० अंशाला १००, मग ८०, ६०, शेवटी २०.९ वर स्थिर. तक्त्यात ७७ केल्विनला २०.३ ओहम येतात, म्हणजे प्लेट दीडेक केल्विन वर.

आणि मग व्हॅक्युम आपोआप सुधारायला लागला. ८ वरून ३, मग १.५ गुणिले मायनस सहा. आत उरलेली हवा बहुतांशी पाण्याची वाफ असते आणि ती थंड बरणीवर गोठून बसते, म्हणजे बरणी स्वतःच पंप झाली. दाजी खिडकीतून टॉर्च मारून बघत होते, म्हणाले काहीच दिसत नाही, बर्फ कुठाय. दिसणार नाहीच, इतका पातळ थर. पण नंतर बरणी रिकामी होऊन गरम होताना उणे १२० च्या आसपास दाब एकदम उसळला, तेव्हा ते पाणी परत सुटलेलं स्पष्ट कळलं.

वाफेच्या नळीवर रोटामीटर (वायूचा प्रवाह मोजणारा) लावला होता, ०.९ लिटर मिनिटाला. एक वॅट म्हणजे ०.२६ लिटर, म्हणजे साडेतीन वॅट शिरतायत. हिशेबात दोन होते. फरक बहुतेक थरांच्या कडांमधून आणि वायरींमधून. साडेतीनला एक भरण १९ तास जातं, माझ्या कामाला ते भरपूर आहे.

२० एप्रिल २०२५

या महिन्यात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं आणि ते एकाच प्रश्नावर: प्लेट ७९ केल्विनला आहे, पण पार्ट कितीला आहे?

एक साधी पीसीबी (सर्किटचा बोर्ड) चार पितळी स्टँडऑफवर, म्हणजे छोट्या खांबांवर लावली. प्लेट तासाभरात ७९ ला. पीसीबीवरच्या चिपला चिकटवलेला सेन्सर तीन तासांनंतरही १४० च्या खाली जाईना. हवेत असतं तर गार हवाच बोर्डाला थंड करते, इथे हवा नाही. बोर्ड ज्याचा बनतो त्या एफआर-४ मधून उष्णता जेमतेम जाते, स्टँडऑफ फक्त कोपऱ्यात, आणि बोर्डाचं तोंड खोलीच्या तापमानाच्या भिंतीकडे, तिथून तो सतत तापतोय. जो कोणी प्लेटचं तापमान वाचून 'माझा सर्किट ८० केल्विनला चालला' असं लिहील त्याचा सर्किट प्रत्यक्षात १४० ला चाललेला असू शकतो. साठ केल्विनचा फरक म्हणजे निष्कर्षच उलटा.

केलेले उपाय, एकेक करून मोजत. आधी तांब्याच्या पातळ पत्र्याचा डबा करून प्लेटलाच स्क्रू केला, बोर्ड त्याच्या आत, आता बोर्डाला चारी बाजूंनी थंड भिंतच दिसते. १४० वरून १०८. मग वायरी. प्रत्येक वायर बाहेरून उष्णता घेऊन थेट सेन्सरवर आणते आणि सेन्सर स्वतःच गरम वाचतो, म्हणून वायर आधी प्लेटवर वीसेक सेंमी वळवून दोऱ्याने बांधून वॉर्निशने चिकटवली. ९७. शेवटी चिपच्या पाठीपासून प्लेटपर्यंत तांब्याची मऊ वेणी, सोल्डर टिपून घ्यायला सोल्डरविक असते तीच, दोन पदरी. ८६.

नुसता धातू धातूवर घट्ट आवळला तरी काम होत नाही. ॲल्युमिनियमचा ठोकळा चार एम-३ स्क्रूंनी कोरडा बसवला आणि त्यात एक वॅट सोडला तर तो प्लेटपेक्षा १४ केल्विन वर राहिला. दोन्ही पृष्ठभाग खरे टेकतात ते फक्त काही टोकांवर, बाकी फट, आणि फटीत हवा नाही. मध्ये इंडियमचा पातळ पत्रा दाबून परत आवळला, फरक दोन केल्विन. इंडियम थंडीतही मऊ राहतो म्हणून.

थर्मासमध्ये नायट्रोजन ओतून पार्ट बुडवणं ही सोपी पद्धत आहे आणि पहिल्या चाळणीला ती ठीकच, पण तिथे पार्ट काही सेकंदांत गार होतो. चंद्रावर संध्याकाळ अशी होत नाही. माझ्या प्लेटवर हीटर आहे, मिनिटाला दोन अंश या वेगाने खाली-वर नेता येतं, तडा पडला तर तो थंडीने पडला की धक्क्याने ते वेगळं करता येतं.

४ मे २०२५

पहिली खरी बॅच. सगळे आकडे पार्टवरच्या सेन्सरचे.

साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड: उणे ४० ला घसरायला लागला, उणे ८० ला कपॅसिटर म्हणण्यासारखं काही उरलं नाही, आतलं द्रव गोठतं. पण परत खोलीवर आणल्यावर ९७० मायक्रो. म्हणजे चालला नाही पण टिकला.

एक्स७आर प्रकारचा सिरॅमिक कपॅसिटर, १० मायक्रो: ८५ केल्विनला तीन चतुर्थांश क्षमता गेलेली. डिकपलिंगला (चिपजवळचा व्होल्टेज स्थिर ठेवायला) हेच वापरतात सगळे, त्यामुळे इथे सावध. सी०जी प्रकारचा सिरॅमिक मात्र १०० नॅनोचा १०० नॅनोच, एक टक्कासुद्धा हलला नाही. आता टायमिंगला दुसरं काही वापरणार नाही.

बीसी५४७ ट्रान्झिस्टर: गेन (करंट किती पट वाढवतो) ३०० वरून २५. सर्किटमध्ये गेनची चैन गृहीत धरली असेल तर बंद. आयआरएलझेड४४ मॉसफेट उलट सुधारतो, चालू रेझिस्टन्स निम्म्याच्या खाली, थ्रेशोल्ड (चालू व्हायला लागणारा व्होल्टेज) थोडा वाढतो. स्विचिंगसाठी मॉसफेट, यात आता शंका नाही.

१एन४१४८ डायोडला १० मायक्रोअँपिअर दिले, खोलीत ०.४५ व्होल्ट, ८० केल्विनला १.० च्या आसपास, वाटेत जवळपास सरळ रेषा. यापुढे सेन्सर म्हणून हाच लावणार, रुपया-दोन रुपयांचा.

लाल एलईडी खिडकीतून बघितला. थंड होता होता लालाचा केशरी झाला, मग पिवळसर, आणि प्रखर. दाजींनी भाचीला व्हिडिओ कॉल लावून दाखवला.

१ जून २०२५

यंदा पाऊस मे मध्येच आला, २६ मेपासून पुण्यात मॉन्सून. त्याचा परिणाम थेट पंपावर दिसतो: चेंबर दहा मिनिटं उघडा राहिला तरी भिंतींवर इतकं पाणी बसतं की मायनस पाचला पोचायला पावसाआधी दोन तास लागायचे तिथे आता पाच. उपाय म्हणून हवा सोडताना बाहेरची न सोडता नायट्रोजनच्या पात्रातून उडणारा कोरडा वायूच सोडतो, आणि बाहेरून हीटर टेप लावून डबा ८० अंशाला रात्रभर ठेवतो. वेळ अडीच तासांवर आला. नायट्रोजनचा पुरवठा पावसात अनियमित होतो, २०१७ मध्ये ह्यूस्टनला जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची चाचणी चालू असताना हार्वे वादळ आलं तेव्हा त्यांनाही हीच काळजी होती, टँकर पोचतील की नाही. म्हणून एक पात्र कायम भरलेलं ठेवतोय.

१८६५० सेल (गोल लिथियम-आयन), दोन कंपन्यांचे. उणे ३० ला क्षमता निम्मी, उणे ६० ला करंटच देत नाहीत. ११० केल्विनपर्यंत नेऊन आठ तास ठेवून परत हळूहळू आणले, ० अंशाच्या वर आल्याशिवाय चार्ज केले नाहीत. एकाची क्षमता पूर्वीच्या ९६ टक्के, दुसऱ्याची ९१ पण त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स दीडपट झालाय. पहिल्याला अजून फेरे द्यायचे, दुसरा कापायचा नाही, तसाच लेबल लावून वाळूच्या बादलीत.

सोल्डर: ६३-३७ शिशाचं आणि बिनशिशाचं, दोन्हीचे सारखे बोर्ड, ७९ ते ३०० केल्विन असे फेरे चालू आहेत. मोठ्या सिरॅमिक कपॅसिटरच्या टोकाला बिनशिशाच्या बोर्डावर भिंगाखाली बारीक रेघ दिसायला लागलीय, शिशाच्या बोर्डावर अजून काही नाही. आणखी फेऱ्यांनंतर फोटो काढून ठेवीन.

पुढचं काम: वायरींचे चार पदर कमी उष्णता नेणाऱ्या फॉस्फर ब्राँझने बदलणे, वाफेच्या नळीतला गार वायू वाया न घालवता बाहेरच्या तांब्याच्या शील्डभोवती फिरवणे, आणि ७७ च्या खाली जायचं तर बरणीवरच रोटरी लावून नायट्रोजन ६३ केल्विनला गोठवणे. तिसऱ्यासाठी वाफेच्या नळीला केएफ-२५ चा (व्हॅक्युमच्या ठरावीक मापाचा) जोड हवाय, चाचांना ड्रॉइंग देऊन आलोय.